उजव्या पानावरचे परब

आमच्या वाचनालयाच्या जिन्यात एकदा एका गृहस्थांनी परबांना विचारलं, "इथून पोस्टात जायला किती वेळ लागेल हो?"

परब म्हणाले, "थांबा." एवढं बोलून ते जिना उतरले आणि चालू लागले. गृहस्थांना वाटलं, खाली कोणाला तरी विचारून येतील. ते थांबले. पंधरा मिनिटांनी परब घाम पुसत परत आले आणि म्हणाले, "सात मिनिटं. येताना आठ लागतात, पण येतानाचं तुम्ही विचारलं नव्हतं."

तोवर पोस्ट बंद व्हायला पाच मिनिटं उरली होती. गृहस्थ तणतणत माझ्या काउंटरपाशी आले. "हा माणूस कोण आहे?" मी म्हटलं, "आमचे परब." दुसरं काय सांगणार?

मुलुंडच्या त्या वाचनालयात मी तेरा वर्षं ग्रंथपाल होते. ग्रंथपाल म्हणजे पुस्तकं देणारी, फाटलेली चिकटवणारी आणि भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी असताना सगळ्यात मोठ्याने ओरडणारी बाई. वाचनालय पहिल्या मजल्यावर, खाली पिठाची चक्की. ती सुरू झाली की टेबलं थरथरायची, आणि मासिकं कितीही झटकली तरी वाचकांच्या बोटांना पीठ लागायचंच. कमिटीकडे मी तीनदा तक्रार केली. कमिटीने तिन्ही वेळा नोंद घेतली.

परब मूळचे कणकवलीकडचे. वडील कापडाच्या मिलमध्ये होते. परब स्वतः भांडुपच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर खात्यात. चाळिशी नुकती ओलांडलेली, नाहूरला एका खोलीत एकटे राहायचे. दर गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला यायचे, चपला जिन्यात एकीला एक लावून ठेवायचे आणि आठ वाजता जायचे. बोलायचे आपल्यासारखंच, पण मन हललं की आतली मालवणी वर यायची.

पंच्याऐंशी-शहाऐंशीचे दिवस असतील. अर्धं मुलुंड म्हणत होतं की कॉम्प्युटर नोकऱ्या खाणार, आणि उरलेलं अर्धं आपापल्या मुलांना त्याच्याच क्लासला घालत होतं. घाटकोपरपासून इथवर गल्लोगल्ली क्लास निघाले होते. एका मशीनवर तीन-तीन पोरं आणि आठवड्याला अर्धा तास. बाकीचा वेळ वहीत प्रोग्रॅम लिहायचा. प्रोग्रॅम म्हणजे मशीनला एकाखाली एक लिहून दिलेल्या आज्ञा, इतपत मलाही समजलं होतं. मशीन नाही म्हटल्यावर ही पोरं आमच्या पेपरच्या टेबलाशी जमायची आणि कोणाचा प्रोग्रॅम चालेल, कोणाचा नाही, यावर भांडायची. पेन्शनर मंडळी पेपर आपटून उठून जायला लागली.

एक दिवस मी सगळ्यांना हाकलणार, तेवढ्यात परब पुढे झाले. "बाई, ओरडू नका. ह्यांना लिहायला सांगा." पुढच्या गुरुवारी त्यांनी दोनशे पानी वही आणली, तिला भोक पाडून सुतळी ओवली आणि पेपरच्या स्टँडशेजारच्या खिळ्याला टांगली. डाव्या पानावर प्रश्न लिहायचा. उजवं पान उत्तरासाठी मोकळं ठेवायचं. प्रश्न तीन ओळींत: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं.

ही तीन ओळींची पद्धत परबांनी आयुष्यभरासाठीच धरली होती, आणि ती कोणालाही लावायचे. चक्कीवाला म्हणाला, पट्टा तुटतोय. परब: "तुम्ही काय केलंत?" कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, गुडघा दुखतोय. परब: "काय व्हायला हवं होतं?" अध्यक्ष गोंधळून म्हणाले, "दुखायला नको होता." परब गंभीरपणे म्हणाले, "बरोबर. आता पुढे सांगा." मीही एकदा त्यात सापडले. घरी आमच्या ह्यांच्याशी आठ दिवस अबोला होता, तोंडातून निघून गेलं. परबांनी तिन्ही ओळी विचारल्या. मी काय केलं ते सांगितलं, काय झालं ते तर झरझर सांगितलं. पण नक्की काय व्हायला हवं होतं, या मधल्या ओळीपाशी मी अशी अडकले की काउंटरवर तीन माणसं ताटकळली.

उत्तर द्यायची त्यांची तऱ्हा अशी. प्रश्न कागदावर उतरवून न्यायचे. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मशीन मोकळं असायचं, साहेबांची परवानगी होती. डाव्या हाताने पोळीभाजी खात उजव्या हाताने दुसऱ्याचा प्रोग्रॅम जसाच्या तसा, चुकांसकट, मशीनमध्ये घालायचे. चालवायचे. मग दुरुस्त करून पुन्हा चालवायचे. मशीनने छापलेला कागद गुरुवारी आणून उजव्या पानावर डिंकाने चिकटवायचे आणि वर लिहायचे, "चालवून पाहिले." त्या कागदाच्या दोन्ही कडांना भोकाभोकांच्या पट्ट्या असत. त्या परब इतक्या सुबक फाडायचे की आमच्या वाचनालयात खुणेसाठी दुसरं काही वापरायची वेळ आली नाही.

"अहो, एवढं साधं तर तुम्हाला पाठच असेल," मी म्हणायची.

"पाठ आहे ना. पण माका कित्याक इचारूक होया? मशीन असा, तेका इचारायचा."

पोरंच ती, टवाळी करणारच. कोणीतरी लिहिलं, "कॉम्प्युटरला प्रेम होते का?" मला वाटलं, परब पान फाडतील. गुरुवारी उजव्या पानावर उत्तर: "चालवून पाहिले. 'लव्ह' ही आज्ञा दिली असता 'सिंटॅक्स एरर', म्हणजे आज्ञा समजली नाही, असे आले. तीन वेळा दिली. मशीन नादुरुस्त नाही, याची खात्री केली." खाली कागद चिकटवलेला. त्या पोराने पुन्हा टवाळी केली नाही, उलट पुढच्या महिन्यात खरोखरीचा प्रश्न विचारला.

चार वर्षांत त्यांनी कोणाला मूर्ख म्हटलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. मी असते तर दर दुसऱ्या पानावर म्हटलं असतं. एक करंदीकर म्हणून होते, फार हुशार. प्रश्न दिसला की उभ्याउभ्या उत्तर ठोकून द्यायचे, वर "हे उघड आहे" असा शेराही. परब त्याखाली बारीक अक्षरात लिहायचे, "चालवून पाहिले. चालत नाही. कागद सोबत." असे पाच कागद सोबत आल्यावर करंदीकर बुद्धिबळाच्या टेबलाकडे गेले ते तिथलेच झाले.

परबांची सर्वांत मोठी शाबासकी म्हणजे "बरोबर" हा एक शब्द. या शब्दाने त्यांचं लग्न मोडलं. मुलगी बघायला गेले होते. तिकडची मंडळी म्हणाली, मुलगी सुगरण आहे. परबांनी शांतपणे तीन वेळा वाढून घेतलं, हात धुतले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बरोबर." मुलीने तिथल्या तिथे नकार दिला. "मी तर स्तुती केलेली," परब मला म्हणाले. मला हसू आवरेना, आणि मग त्यांचा चेहरा पाहून आवरलं.

तर असा हा माणूस. आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

एका मंगळवारी दोन वेण्या घातलेली, अठरा-एकोणीस वर्षांची एक मुलगी आली. वहीपाशी उभं राहून तिने बराच वेळ लिहिलं. अक्षर असं की टाइप केल्यासारखं. प्रश्न असा होता:

"काय केले: प्रत्येक वर्गातील गैरहजर मुलांची यादी छापण्याचा प्रोग्रॅम लिहिला. आधी आकडा वाचायचा, मग तितकी नावे. काय व्हायला हवे: ज्या वर्गात शून्य गैरहजर, तिथे एकही नाव येऊ नये. काय झाले: मशीन मिळाले नाही, म्हणून चालवता आला नाही. शंका: शून्यासाठी वेगळी अट घालावी लागेल का? शनिवारी प्रॅक्टिकल आहे. सुनंदा, कांजूरमार्ग."

शनिवार तोंडावर आलेला. मी परबांच्या कारखान्यात फोन करून प्रश्न वाचून दाखवला. सगळं ऐकून ते म्हणाले, "बरोबर प्रश्न आहे." माझ्या आठवणीत प्रश्नालाच "बरोबर" मिळाल्याची ती पहिली वेळ. गुरुवारी उत्तर चिकटलं: "चालवून पाहिले. वेगळ्या अटीची गरज नाही. कागद सोबत."

शुक्रवारी सुनंदा आली आणि उत्तर उतरवून घेऊ लागली. मध्येच थांबून मला म्हणाली, "मॅडम, मला अजून वाटतंय की अट घालावी. हे काका नेहमी बरोबरच असतात ना?"

मी म्हटलं, "अगं, डोळे मिटून विश्वास ठेव. त्यांचं चुकत नाही."

हे वाक्य मी बोलले. कोणी विचारलं नव्हतं, म्हणजे विचारलं होतं, पण मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी बोलले.

दोन आठवड्यांनी परब आले ते सोमवारी. परब आणि सोमवार! चपला जिन्यात वाकड्या पडलेल्या, शर्ट घामाने भिजलेला. काउंटरपाशी येऊन म्हणाले, "बाई, ती कांजूरमार्गची मुलगी परत आली होती?"

"नाही. का हो?"

ते खुर्चीत बसले. आदल्या दिवशी घाटकोपरला एका शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं, ते बघायला गेले होते. तिथे टीव्हीला जोडायचं छोटं मशीन ठेवलं होतं. नवीन मशीन दिसलं की परब आपले जुने प्रश्न त्याला घालून बघणारच. मुलांच्या रांगेत उभे राहून, नंबर आल्यावर त्यांनी सुनंदाचा प्रोग्रॅम घातला. शून्य असताना त्या मशीनने पडद्यावर एक नाव छापलं.

"म्हणजे?" मी विचारलं.

"आमचं हापिसातलं मशीन आधी डब्यात बघतं, लाडू आहेत का, आणि मग हात घालतं. हे छोटं मशीन आधी हात घालतं आणि मग बघतं. शून्य म्हटलं तरी एकदा उचलणारच. मग पुढच्या वर्गाचा आकडाच ते नाव म्हणून उचलतं. गैरहजर कोण, तर 'तीन'. तिथून पुढे सगळं एकेक घर सरकतं."

"मग त्या मुलीच्या क्लासात कुठलं मशीन आहे?"

"शाळेच्या मास्तरांना विचारलं. म्हणाले, क्लासवाल्यांकडे सगळीकडे हीच छोटी मशीनं." परब जमिनीकडे बघत राहिले. "बाई, तिची शंका खरी होती. ती मी खोडली."

मला माझं वाक्य आठवलं.

दुसऱ्या दिवशी परब रजा टाकून क्लास शोधत फिरले. तिसऱ्या क्लासात पत्ता लागला. तिथले सर तरुण, टाय लावलेले. म्हणाले, "सुनंदा कांबळे ना? प्रॅक्टिकलला तिचा प्रोग्रॅम पार फिसकटला. नापास. त्यानंतर आलीच नाही." फॉर्मवरचा पत्ता त्यांनी दिला. परब तो घेऊन थेट माझ्याकडे आले. "बाई, तुम्ही चला. एकटा पुरुषमाणूस मुलीचं घर विचारत फिरतो, बरं दिसणार नाही. तिच्या वडलांना काय वाटेल?"

एरवी मी शंभर कारणं सांगितली असती. त्या दिवशी पर्स उचलली.

कांजूरमार्गच्या पूर्वेला, चाळीच्या शेवटच्या खोलीत सुनंदा जमिनीवर बसली होती. तिच्यासमोर बॉलपेनच्या नळ्यांचा ढीग, एका बाजूला टोपणं, एका बाजूला रिफिली. घरी बसून पेनं जोडायचं काम. आम्हाला पाहून ती उठली ती हातातल्या रिफिलीसकट. वडील फिटर, रात्रपाळी असल्याने घरीच होते. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली सुनंदाचं बारावीचं प्रमाणपत्र, चौकटीत लावलेलं.

"बसा," वडील म्हणाले. "क्लासकडून आलात? तर आधीच सांगतो. एक वर्ष दिलं हिला. ओव्हरटाइम करून दिलं. पास झाली असती तर पुढचा कोर्स लावणार होतो. नाय झाली. आता बास."

परब उभेच राहिले. मी खूण केली तरी बसले नाहीत. खिशातून त्यांनी दोन कागद काढले. एक मशीनने छापलेला, दुसरा हाताने लिहिलेला, कारण त्या छोट्या मशीनला छपाई नव्हती. दोन्ही कागद वडलांसमोर धरून ते समजावू लागले. लाडवाचा डबा आला, शून्य आलं, 'तीन' नावाचा मुलगा आला.

वडलांनी हात वर केला. "साहेब, मला ह्यातलं कळत नाय. चूक कोणाची, तेवढं सांगा."

"माझी."

सुनंदाच्या आईने आतल्या बाजूने पडदा सरकवला. सुनंदा खाली बघत होती.

"तिने बरोबर विचारलं होतं," परब म्हणाले. "अट घालू का म्हणून. मी लिहून दिलं, नको. तिने माझं ऐकलं. मुलगी चुकलेली नाही. मी चुकलो."

"आणि मीही," मी म्हटलं. "मी तिला सांगितलं होतं, डोळे मिटून विश्वास ठेव."

वडील आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. "आणि हे सांगायला तुम्ही इथवर आलात?"

"हो."

"वीस वर्षं फॅक्टरीत आहे मी. साहेब लोक चुकले की पावती फिटरच्या नावाने फाटते. घरी येऊन कोण सांगत नाय." त्यांनी दोन्ही कागद हातात घेतले. "मग हिला परत बसवणार का परीक्षेला?"

आता माझ्या धीराची कसोटी होती. परबांनी नुसतं "हो" म्हणायचं होतं! त्या मुलीने मान वर केली होती, आई पडद्यापाशी उभी होती. आणि परब म्हणाले, "क्लासच्या सरांना विचारून सांगतो. आत्ता हो म्हटलं तर तो अंदाज होईल."

मी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला. वडील मात्र पहिल्यांदाच थोडे सैल झाले. "बरं. विचारून सांगा," ते म्हणाले आणि आत वळून चहा टाकायला सांगितलं.

निघताना सुनंदा दारापर्यंत आली. "काका, मला तिथेच कळलं होतं," ती हळूच म्हणाली. "प्रॅक्टिकलला. 'तीन' असं नाव आलं ना, तेव्हाच. पण वेळ संपला. अट नावं उचलायच्या लूपच्या आधी घालायची ना?"

"मग वहीत लिहायला का नाही आलीस?"

"तुम्हाला कसं सांगणार, तुमचं चुकलं म्हणून?"

परब चाळीच्या टोकापर्यंत मान खाली घालून चालले.

क्लासच्या सरांनी आधी हसण्यावारी नेलं. परब म्हणाले, "आपण चालवून बघूया." सरांनी स्वतःच्या मशीनवर एकदा चालवलं, दुसऱ्यांदा चालवलं आणि टाय सैल केला. त्यांनाही माहीत नव्हतं. नव्या बॅचबरोबर पुढच्या महिन्यात बसू द्यायचं ठरलं. पण प्रश्न नवा, आणि हा शेवटचा चान्स. वडलांनीही तेच सांगितलं: ह्या वेळी नाही झालं, तर पुन्हा विषय काढायचा नाही.

घाटकोपरच्या त्या शाळेच्या मास्तरांना परबांनी गळ घातली. शाळा सुटल्यावर रोज एक तास मशीन मिळू लागलं. सुनंदा तिथे बसायची आणि परब मागच्या बाकावर. ती विचारेल तेवढंच सांगायचे, आणि तेही उठून, त्याच मशीनवर, तिच्यासमोर चालवून. सोबत म्हणून मी दोनदा गेले. परबांची उत्तरं तशी चारच शब्दांची, पण त्यातल्या प्रत्येक शब्दाआधी ते तिच्याकडे बघायचे, कळलं का म्हणून.

त्याच दिवसांत त्यांनी आणखी एक उद्योग काढला. तोवर भरलेल्या चारही वह्या माझ्याकडून कपाटातून काढून घेतल्या. सुनंदाच्या प्रश्नाच्या उजव्या पानावर एक सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि लिहिलं, "हे उत्तर चुकीचे आहे. शंका बरोबर होती. चूक माझी." मग पहिल्या वहीपासून प्रत्येक उत्तराखाली लिहायला घेतलं: "फक्त एका मशीनवर तपासले आहे." दर उत्तराखाली! मी म्हटलं, "अहो, एक रबरी शिक्का करून घ्या." ते म्हणाले, "नको. शिक्का मारताना माणूस वाचत नाही."

मी शेजारी बसून पानं उलटत होते. शेकडो प्रश्न. किती अक्षरं, किती नावं, "कृपया लवकर", "अर्जंट", "उद्या इंटरव्ह्यू आहे". मला सहज वाटलं म्हणून विचारलं, "परब, ह्यातली किती चालली हो? ह्या पोरांची?"

त्यांचं पेन थांबलं. "माहीत नाही."

"म्हणजे?"

"माझ्या मशीनवर चालली. त्यांच्याकडे चालली का, ते कोणी सांगत नाही. उत्तर उतरवून घेतात आणि जातात."

मी डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. चार वर्षं मी त्याच काउंटरवर होते. येणारी पोरं मला आठवत होती, उतरवून घेणारी आठवत होती. परत येऊन काही सांगणारं एकही आठवेना. मला तेव्हा फार वाईट वाटलं, आणि रागही आला, कोणावर ते नीट सांगता येणार नाही.

"चालली असतील हो," मी म्हटलं. "नाही चालली तर बोंबलत आली असती."

"असतील," परब म्हणाले. चार वर्षांत त्यांच्या तोंडून असा शब्द मी ऐकला नव्हता. मग ते पुन्हा लिहू लागले.

परीक्षा शनिवारी झाली. निकाल मंगळवारी लागणार होता. परब शनिवारी वाचनालयात आले, रविवारी आले, सोमवारी आले. शेतीविषयक एक मासिक घेऊन बसायचे. मी विचारलं, "शेती घेताय का कुठे?" जिन्यात पाऊल वाजलं की मान वर. पेन्शनर आला की मान खाली. मंगळवारी तर ते पाचलाच हजर. खाली चक्की जोरात, टेबल थरथरतंय आणि परबांचं मासिक उघडं आहे ते एकाच पानावर.

सव्वासहाला सुनंदा आली. मागे तिचे वडील, कामावरून तसेच आलेले, हातात डब्याची पिशवी. सुनंदा माझ्याकडे न बघता सरळ टेबलापाशी गेली.

"काका, चाललं."

परब उठले. "काय आलं?"

तिने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, मशीनने काय काय छापलं ते तोंडपाठ सांगितलं. शून्य कुठे होतं, तिथे काय केलं, ते सांगितलं. पास झाल्याचं शेवटी सांगितलं.

"परत सांग," परब म्हणाले.

तिने परत सांगितलं, आणि ह्या वेळी हसत. टेबलावरची माणसं पेपर खाली ठेवून ऐकत होती. परबांनी मान हलवली. मग ते वळले आणि भराभर बाहेर जिन्याकडे गेले.

वडील घाबरले. "काय झालं? परत काय चुकलं काय?"

"नाही, नाही," मी म्हटलं. "तुम्ही बसा. मी आले."

पाण्याचा पेला घेऊन मी जिन्यात गेले. परब वरून तिसऱ्या पायरीवर बसले होते, भिंतीकडे तोंड करून. चष्मा हातात होता आणि शर्टाच्या बाहीने ते डोळे पुसत होते. चाळिशीतला माणूस. मला काय करावं ते कळेना. पेला मी त्यांच्या शेजारी ठेवला आणि खालच्या पायरीवर बसले.

एक घोट घेऊन ते म्हणाले, "बाई, चार वर्सां झाली. पयल्यांदाच कोण तरी सांगूक इला."